परदेश की इथलंच कॉलेज? कर्जाच्या टेबलावर वारंवार विचारले गेलेले प्रश्न

मी ३३ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची आठ दादरच्या एका शाखेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी कोणी ना कोणी फाइल घेऊन येतंच. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे लिहून काढलं. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. मला कागद कळतात, आणि कागदामागचं घर थोडंफार कळतं. व्हिसाचे नियम आणि रकमा दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघाच.

एका वाक्यात सांगा ना मॅडम, जावं की इथेच शिकावं?

एका वाक्यात एवढंच विचारते: मुलगा शिकून परत आला आणि त्याला इथेच, रुपयांत पगार मिळाला, तर त्या पगारात हप्ता निघेल का?

निघत असेल तर खुशाल जाऊ द्या. तिथे नोकरी लागली तर वरची कमाई, नाही लागली तर शिक्षण कुठे जात नाही. निघत नसेल, तर तुमचं कर्ज शिक्षणासाठी उरलं नाही, तिथल्या नोकरीच्या भरवशावर आहे. ती नोकरी बँक देत नाही, विद्यापीठ देत नाही, व्हिसा अधिकारी तर नाहीच नाही. पुढची सगळी उत्तरं मी याच प्रश्नाच्या आजूबाजूने दिली आहेत.

४० लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता किती पडेल?

हे जरा सावकाश बघू, कारण घोटाळा इथेच होतो. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये लोक ४० लाख, साडेदहा टक्के, १० वर्षं असं टाकतात. उत्तर येतं ५४ हजारांच्या आसपास. ते मनात धरून घरी जातात.

प्रत्यक्षात कोर्स दोन वर्षांचा, वर सहा महिने सवलत. या काळात हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. पहिल्या वर्षी २० लाख उचलले, त्यावर अडीच वर्षांचं सरळव्याज सव्वापाच लाख. दुसऱ्या वर्षी २० लाख, त्यावर दीड वर्षाचं व्याज तीन लाख पंधरा हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ४८ लाख ४० हजार झालेलं असतं, आणि हप्ता येतो ६५ हजारांच्या वर. ५४ आणि ६५ मधला फरक म्हणजे एका घरचा किराणा.

बेस्टमधले एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. मुलाला अमेरिकेत दोन ठिकाणी ॲडमिट आलेला. सगळे कागद व्यवस्थित, झेरॉक्सवर सुद्धा स्वतःच्या सह्या आधीच करून आणलेल्या. सहकर्जदार म्हणून सही करायला पेन टेकवलं आणि विचारलं, ‘पहिला हप्ता कुठल्या महिन्यात?’ मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. निवृत्तीनंतर चौथा महिना येत होता. ‘म्हणजे पेन्शनीवर,’ म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. मुलगा शेजारीच बसलेला. त्यालाही वडिलांच्या निवृत्तीचं साल पाठ नव्हतं. पुढे तो पोरगा पवईला एका कंपनीत लागला, अडीच वर्षांनी स्वतःचे काही लाख साठवून परत आला, आणि कर्ज निम्म्यावर आलं. सहकर्जदार वडीलच, पण या वेळी त्यांनी टोपण काढूनच पेन आणलं होतं.

कोर्स चालू असताना निदान व्याज तरी दरमहा भरत जा. काही बँका त्यासाठी दरात एक टक्का सूटही देतात. आणि डॉलर विसरू नका. २०१५ साली तो ६४च्या आसपास होता, २०२५च्या डिसेंबरात नव्वदी ओलांडली. दुसऱ्या वर्षाची फी आजच्या भावाने धरणारा माणूस मला अजून व्यवहारी वाटलेला नाही.

आमची गिरगावातली खोली पागडीची आहे. तारण म्हणून चालेल का?

नाही. वाईट वाटतं सांगताना, कारण बाजारभावाने त्या खोलीची किंमत मोठी असते. पण पागडीत तुम्ही भाडेकरू असता, मालक नाही. भाडेपावतीवर बँक कर्ज देत नाही. गावच्या जमिनीचंही साधारण तसंच. कोकणातल्या सातबाऱ्यावर अठरा नावं, त्यातली सहा वारलेली, आणि शेतजमीन बँका यासाठी सहसा घेतच नाहीत. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, घरावर काही वर्षं विक्रीची बंदी असते, त्यामुळे तेही अडतं.

मालकीचा फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, भोगवटा प्रमाणपत्र आणि तुमच्या आधीच्या मालकांचे सगळे करारनामे लागतात. बँकेचा वकील जुन्या नोंदी शोधतो, व्हॅल्युअर येऊन भिंती मोजतो. जुन्या मुंबईकरांची गाडी दोन जागी हमखास अडकते. एक म्हणजे घर अजून आजोबांच्या नावावर असतं, वारसांची नावं लावलेलीच नसतात, आणि हक्कसोड पत्रावर आत्याची सही हवी असते. आत्या नागपूरला, आणि २००९ सालच्या लग्नातल्या मानपानापासून बोलणं बंद. (मी हसत नाहीये. एका मुलीचा सप्टेंबरचा इनटेक या सहीपायी गेला.) दुसरी जागा म्हणजे रिडेव्हलपमेंट. इमारत पाडायला निघाली असेल तर बँक हात आखडता घेते.

म्हणून मुलगा अकरावीत असतानाच घराचे कागद काढून बघा. त्याला परदेशी जायचं नसलं तरी ते काम कधीतरी करायचंच आहे. मुदत ठेव, एनएससी, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू यांवरही कर्ज मिळतं, आणि ते फार लवकर मिळतं.

तारण नसेलच तर?

साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेखाली विनातारण मिळतं. त्यापुढे नामवंत विद्यापीठ असेल तर काही बँका आणि बिगरबँक वित्तसंस्था विनातारण मोठी रक्कम देतात, पण व्याज जास्त. इथल्या संस्थांसाठी २०२४ सालची पीएम विद्यालक्ष्मी योजना मात्र बघाच. निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारणही नको, जामीनही नको. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. परदेशाच्या नादात या योजनेबद्दल विचारायला कोणी येत नाही.

बारावीनंतरच पाठवावं का? लवकर गेलं की लवकर सेटल होतो म्हणतात.

कोण म्हणतं ते आधी सांगा. तो एजंट असेल तर त्याला कमिशन मुलगा पाठवण्याचं मिळतं, सेटल होण्याचं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा कर्जाचा असेल तर पदवी इथे करावी आणि मास्टर्सला जावं. पदवीच्या चार वर्षांचा खर्च मास्टर्सच्या दुपटीवर जातो, त्या वयात शिष्यवृत्त्या कमी, आणि १८व्या वर्षी निवडलेला विषय विसाव्या वर्षी नकोसा झालेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. इथे शाखा बदलली तर एक वर्ष जातं, तिथे बदलली तर घर हादरतं. अपवाद आहेत. मुलाला भरघोस शिष्यवृत्ती मिळाली असेल, किंवा त्याला हवा तो विषय आपल्याकडे पदवीला नीट शिकवतच नसतील, तर गोष्ट वेगळी. जर्मनीत तर बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळतच नाही. इथे पदवीचं एक वर्ष पूर्ण करा, नाहीतर जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हा, नाहीतर तिथे पूर्वतयारीचं वर्ष काढा.

इथल्या कॉलेजात राहिला तर मागे पडेल, हरल्यासारखं वाटेल…

कोणाला वाटेल? मुलाला की बिल्डिंगीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपला?

माटुंग्याला १८८७ साली स्थापन झालेली इंजिनिअरिंगची व्हीजेटीआय आहे, तिथून जवळच १९३३ साली स्थापन झालेली आयसीटी, जिला जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात. केमिकलमध्ये ज्याला काही करायचंय त्याने आयसीटी सोडून परदेशात पदवीला जाऊ नये, असं मी एका बापाला तोंडावर सांगितलं होतं. पवईला आयआयटी, समाजविज्ञानाला देवनारची टिस, मूलभूत विज्ञानाला कुलाब्याची टीआयएफआर, कलेसाठी जेजे, मॅनेजमेंटला जमनालाल बजाज. या ठिकाणी प्रवेश मिळत असेल तर फीच्या मानाने पदरात पडणारं शिक्षण जगात कुठेही स्वस्तच म्हणायचं.

पण खरी अडचण या नावांची नसतेच. ज्याला सीईटीत मधले पर्सेंटाइल पडलेत आणि प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये कर्जत किंवा पालघरच्या बाजूचं एखादं नवं खाजगी कॉलेज मिळतंय, त्याचा प्रश्न अवघड आहे. प्रयोगशाळा अर्ध्या, शिक्षक कंत्राटी, प्लेसमेंटच्या फलकावर तेच चार चेहरे. तिथे जाण्यापेक्षा परदेश बरा, असं बापाला वाटणं मी समजू शकते. पण तेच मार्क परदेशातही जास्तकरून तशाच कॉलेजात नेतात, फक्त तिथे फी डॉलरात असते. अशा मुलांना मी रुईया, रुपारेल, झेवियर्ससारख्या कॉलेजांत बीएस्सी, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर, नाहीतर कॉमर्ससोबत सीए असे रस्ते बघायला सांगते. दहातले दोन ऐकतात.

आणि घरी राहून शिकण्याचं कौतुक करताना डोंबिवली-विरारच्या पोरांचा विचार करावा. रोज तीन तास लोकलमध्ये लटकून जो शिकतो त्याला ‘घरचं जेवण तरी मिळतं’ म्हणून गप्प करू नये. त्याला दोन वर्षं कॉलेजच्या जवळ खोली घेऊन दिली तर तो खर्च परदेशातल्या खर्चापुढे थोडाच होतो.

कुठला देश?

विषय आणि विद्यापीठ आधी, देश नंतर. पण लोक देशच विचारतात, म्हणून थोडक्यात.

अमेरिका: शिक्षण झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४. तीन वर्षांत एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, लॉटरी लागली तर लागली. वर्षाला जागा ६५ हजार, आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार. २०२५च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ती लागू नाही असं नंतर स्पष्ट केलं गेलं, पण मधल्या महिन्याभरात मला आलेले फोन मी मोजायचे सोडले. खर्च राहण्यासकट दोन वर्षांचा ५० ते ७० लाख सहज होतो.

ब्रिटन: मास्टर्स एका वर्षात होतं, म्हणून स्वस्त वाटतं. पण वर्ष कधी सुरू होऊन संपतं ते कळत नाही, आणि नोकरी शोधायला पाठीमागे दोनच वर्षं. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना तीही दीड वर्षावर येणार आहेत. वर दरवर्षी ७७६ पौंड आरोग्य अधिभार. व्हिसासाठीची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी खाली गेली तरी नकार येतो. त्या महिन्यात त्या खात्याचं एटीएम कार्ड घरातल्या सगळ्यांत तापट माणसाकडे द्या.

जर्मनी: सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात सेमिस्टरला दीड हजार युरो आणि म्युनिकच्या टीयूएममध्ये त्याहून जास्त, एवढं लक्षात ठेवा. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरायचे, म्हणजे १२ लाखांच्या वर. ते तुमचेच असतात, दरमहा ९९२ सुटतात. भारतीयांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र लागतं. शिक्षणानंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. माझ्या कसोटीत हा देश सगळ्यांत सहज बसतो. फक्त इंग्रजीत कोर्स मिळाला म्हणून भाषा टाळू नका. काळा घोड्याला मॅक्समुल्लर भवनात ए-वन या पहिल्या पातळीला बसा, बी-वनपर्यंत जा, मग बोला. नोकरीची मुलाखत बऱ्याचदा जर्मनमध्येच असते.

कॅनडा: युनिव्हर्सिटी आणि कॉलेज या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्यात दाखवायची रक्कम २०२४च्या सुरुवातीला २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली, २०२५च्या सप्टेंबरात २२,८९५. विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादाही आली.

ऑस्ट्रेलिया: व्हिसा फीच २ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, नकार आला तरी परत नाही. बाकी विषय चांगला असेल तर ठीक.

कन्सल्टंट म्हणतो सगळं फुकट करून देतो. घ्यावं का?

फुकट कोणी काही करत नाही. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं आणि कॉलेजं पाठवलेल्या विद्यार्थ्यामागे पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा एजंटला देतात. त्यात बेकायदा काही नाही. पण त्याने दिलेल्या यादीत कमिशन न देणारं विद्यापीठ दिसतं का, ते बघा. सोपी परीक्षा अशी: त्याला जर्मनीतल्या बिनफीच्या सरकारी विद्यापीठाबद्दल विचारा आणि चेहरा बघा.

माझ्या भाच्याचंच सांगते. २०२४ साली एका एजंटने त्याला कॅनडातल्या एका खाजगी कॅम्पसला पाठवायचं ठरवलं. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम, खाजगी कॉलेजची इमारत, असा तो प्रकार. त्या वर्षी १५ मेपासून नियम आला की अशा ठिकाणी नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट नाही. एजंट जूनपर्यंत ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत राहिला. शेवटी रात्री साडेअकराला मी स्वतः कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची साइट वाचली. भरलेली फी सगळी परत आली नाही. भाचा आता ठाण्यात नोकरी करतो आणि एजंटच्या ऑफिसावरून जाताना रस्ता बदलतो.

मोफत आणि भरवशाचा सल्ला हवा असेल तर अमेरिकेसाठी तिथल्या सरकारचं सल्ला केंद्र एज्युकेशन-यूएसए आणि जर्मनीसाठी डाड ही तिथली शिष्यवृत्ती संस्था आहे. दोन्हीकडे कमिशनचा प्रश्न येत नाही.

शिष्यवृत्ती खरंच मिळते का, की नुसतं जाहिरातीत?

मिळते, पण ती प्रवेशाच्या मागे धावत येत नाही. आपल्यालाच वर्षभर आधी निघावं लागतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. मराठा-कुणबी समाजातल्यांसाठी राज्याच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची, तीही ७५ जणांना. ओबीसी आणि आदिवासी विभागांच्याही आहेत. जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलदार कचेरीत रांग लावणारा दरवर्षी चुकतो.

सगळ्यांसाठी म्हणाल तर फोर्टातली जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे. ती कर्जरूपाने देते, व्याज नाममात्र. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, हे अनेकांना मुलाखतीच्या तयारीला लागल्यावर कळतं.

दोन वर्षं नोकरी करून मग गेलं तर वर्षं वाया जात नाहीत का?

बाबासाहेबांचं उदाहरण देते, कारण ते इथलंच आहे. एल्फिन्स्टनमधून बीए झाले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले, तिथून लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० साली परत लंडन गाठलं. मधल्या वर्षांना कोणी ‘गॅप’ म्हणत नाही.

आपल्या मुलाची गोष्ट तेवढी मोठी नसेल, पण हिशेब तोच आहे. दोन वर्षांच्या नोकरीत विषय पक्का होतो, अर्जाला वजन येतं, आणि कर्ज कमी होतं. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे मात्र दोनच, ती परीक्षा आधी देऊन ठेवू नका.

पार्ट-टाइम नोकरीत खर्च निघतो ना?

चहा-कॉफीचा निघतो. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवर. कॅनडात २४. फी यातून भरायची असं कोणी सांगितलं तर त्याच्या हातून फाइल परत घ्या.

एमबीबीएसला बाहेर पाठवू का? इथे सरकारी सीट नाही मिळाली, खाजगीचा खर्च झेपत नाही.

हा प्रश्न ऐकला की मी खुर्ची पुढे ओढते. परदेशात एमबीबीएस करायलाही ‘नीट’ परीक्षेतली पात्रता लागते. २०२१च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातून, शिवाय तिथेच वर्षभराची इंटर्नशिप. परत आल्यावर एफएमजीई ही पात्रता परीक्षा द्यायची, ३०० पैकी १५० गुण, आणि इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. त्या परीक्षेच्या बऱ्याच सत्रांत पाचातला एखादाच उत्तीर्ण झालाय. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनहून परतलेली मुलं पुढे काय काय करत बसली ते आठवत असेल. ज्याची अभ्यासाची जिद्द सात-आठ वर्षं टिकणार आहे त्यानेच जावं. नुसतं ‘डॉक्टर’ लावायला जाऊ नये. फिजिओ, नर्सिंग, फार्मसी यांकडे बघायला आईबापांना कमीपणा वाटतो, मुलांना वाटत नाही.

आता परदेशी विद्यापीठंच इथे येतायत म्हणे?

येतायत. २०२५च्या जूनमध्ये मुंबईत पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली: ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइनची संस्था. नवी मुंबईत विमानतळाजवळ त्यांची शैक्षणिक नगरी व्हायची आहे. नियमाप्रमाणे त्यांची पदवी मूळ विद्यापीठाच्याच बरोबरीची. पण पहिल्या दोन बॅचना नोकऱ्या कुठे लागतात ते बघून मी बोलेन. आणि मुलाला जग बघायचंय म्हणून जायचं असेल, तर त्या विमानतळाशेजारच्या उलव्याला जाऊन ते होणार नाही.

मुलीला एकटीला पाठवायला भीती वाटते.

हा प्रश्न मुलाच्या वेळी का आला नाही?

परत आल्यावर तिकडची पदवी इथे चालते का?

खाजगी नोकरीत सहसा कोणी विचारत नाही. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडी करायची असेल तर समकक्षता लागते. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सची अडचण होती, ती २०२२च्या दोन देशांतल्या करारानंतर सुटली. त्यात इंजिनिअरिंग, वैद्यक, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर असे व्यावसायिक अभ्यासक्रम मात्र नाहीत. त्या त्या परिषदेचे नियम आधी वाचा.

करात काही सवलत?

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट (१९६१च्या कायद्यात कलम ८०ई), आठ वर्षांपर्यंत, पण जुनी करप्रणाली घेतली तरच. मुद्दलाला नाही. मामाकडून घेतलेल्या कर्जाला तर नाहीच. शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, लागत नाही. स्वतःच्या पैशातून १० लाखांच्या वर पाठवलं तर कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो.

कागदपत्रांत सगळ्यांत जास्त काय अडतं?

नाव! आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या चौकटीत. काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, काहींच्या नाही. एकीचं मार्कशीटवर एका ‘ए’ने, पासपोर्टवर दोन ‘ए’नी. परदेशी विद्यापीठाला ही तीन माणसं वाटतात. बारावीच्या आधीच सगळीकडे एक स्पेलिंग करून घ्या. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या एकत्रित उताऱ्यासाठी, मुंबई विद्यापीठात कलिन्याला अर्ज करायचा तो ॲडमिट आल्यावर नको, अर्ज करायच्या दोन-तीन महिने आधी.

मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या घरी काय झालं?

हा प्रश्न नेहमी निघताना येतो, दारात चपला घालता घालता. राग कसला.

२०१७ साली मुलीला अमेरिकेतून दोन ॲडमिट आले होते. त्याच मे महिन्यात ह्यांची बायपास झाली. कर्जाचा अर्ज मीच भरला होता, मीच मागे घेतला. ती ऐरोलीला नोकरीला लागली, संध्याकाळी जर्मन शिकली, आणि २०२१ साली आखेनला गेली. ब्लॉक्ड अकाउंटमधले निम्म्याहून जास्त पैसे तिचे स्वतःचे होते. आता तिथेच काम करते, कर्ज फिटलं. आकड्यांनी बघितलं तर सगळं मी वर लिहिलंय तसंच झालं.

पण अर्ज मागे घेताना मी तिला विचारलं नव्हतं. घेतल्यावर सांगितलं. गेल्या डिसेंबरात ती आली होती तेव्हा कपाट आवरताना अमेरिकेच्या प्रवेशाची, आय-ट्वेंटीची ती फाइल निघाली. मी रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. तिने ती उचलली, दोन पानं उलटून बघितली आणि परत कपाटात ठेवली, माझ्या साड्यांच्या खाली.